दहा मासे मोठे, दहा गाई लहान

बडोद्याच्या नागरवाड्यात माझ्या भाच्याच्या घरी शनिवारी संध्याकाळी पाच-सहा मुलं टेबलाभोवती बसून एक जग चालवतात. त्या जगात डोंगरांवरून उडणारी गलबतं आहेत, शापित किल्ले आहेत, पैशाला जागणारे आणि न जागणारे भाडोत्री सैनिक आहेत. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कुळातला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने सूत्रधार व्हायचं आणि फासे पडतील तशी गोष्ट पुढे न्यायची.

भाचा सूत्रधार. त्याच्याकडे उडत्या गलबताचं चित्र मागितलं, तर त्याने आधी वहीतला मजकूर पुढे केला. किती माणसं मावतात, किती ओझं चालतं, पावसात ते का उडत नाही. चित्र शेवटच्या पानावर होतं. वाहनाला काय जमत नाही ते आधी ठरवायचं, मग ते कसं दिसतं हे सुचत जातं, असं त्याचं म्हणणं.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी पटावरच्या खेळांवर लिहायला सांगितलंच होतं. ती वही पाहिल्यावर मला अमेरिकेऐवजी सावंतवाडीला जावंसं वाटलं, कारण पात्रं, वाहनं आणि त्यांचे कायदे एकत्र रचण्याचं काम आपल्याकडे गंजिफा रंगवणाऱ्या चिताऱ्यांनी फार पूर्वी केलं आहे.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांचा, १४४ पानांचा एक जुना डाव वर्णिला आहे. त्यात प्रत्येक रंगाचा एक अधिपती आहे. अश्वपती घोड्यावर, गजपती हत्तीवर, नवपतीचं सिंहासन जहाजात, गढपतीचं किल्ल्यावर. सुरपती म्हणजे इंद्र, तर असुरपती म्हणून चक्क दाऊदचा मुलगा सुलेमान. वनपती वाघ आहे आणि अहिपती हा अजगरासारख्या महासर्पावर स्वार झालेला नाग. आजच्या कुठल्याही कल्पनारम्य खेळाच्या रचनाकाराने हेवा करावा अशी ही यादी आहे.

मराठी मुलखात रुळला तो दशावतारी गंजिफा. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२०. सावंतवाडीत हे काम चितारी घराण्यांकडे होतं. बावन्न पानांचे छापील पत्ते स्वस्त झाले आणि मागणी आटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर ही विद्या जाणत होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती घेतली आणि राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभी केली. बडोदेकरांना यात एक आपुलकीचा धागा सापडेल: शिवरामराजांच्या मातोश्री या सयाजीराव महाराजांच्या नात.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये आजही कारागीर बसून रंगवतात. मी ज्यांच्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबलो, त्या ताई मत्स्याची दश्शी, म्हणजे दहाचं पान, करत होत्या. तळहातात मावेल एवढ्या वर्तुळात दहा मासे बसवायचे होते. आधी जमिनीचा रंग, तो वाळल्यावर माशांची अंगं, मग बारीक कुंचल्याने कल्ले आणि डोळे, शेवटी लाखेचा हात. डोळे काढताना त्या श्वास रोखून धरत. पूर्वी या चकत्या कापडाच्या किंवा कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ देऊन, घोटून करत. आता पुठ्ठा वापरतात. रचना मात्र तीच. पत्त्याच्या कोपऱ्यात आकडा नाही, कारण गोल पानाला कोपराच नाही. पंख्यासारखी धरलेली पानं ओळखायची ती जमिनीच्या रंगावरून आणि चिन्हांवरून. म्हणून चिताऱ्याला चुकायची मुभा कमी. सजावट वाढून चिन्ह दिसेनासं झालं, तर पान सुंदर होईल, पण खेळायला निकामी.

या डावातल्या एका नियमाने मला पुरतं धरून ठेवलं. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन या पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पाचांत सगळं उलट: तिथे राजा-प्रधानाखालोखाल एक्का आणि तळाला दश्शी. म्हणजे दहा मासे भारी, पण कृष्णाच्या दहा गाई अगदी हलक्या. मुघल गंजिफ्याच्या आठ रंगांतही निम्म्यांचा क्रम असाच उलटा. शिवाय तिघे खेळाडू, प्रत्येकी चाळीस पानं, आणि हुकमाचा रंग नाही. आपल्या हातातलं पान आता त्या रंगात सर्वांत मोठं उरलं आहे का, हे गेलेली पानं ध्यानात ठेवूनच कळतं. दिवसा ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याची. खिडकीबाहेरच्या सूर्यालाही डावात घेणारा हा नियम ज्याला सुचला, त्याला जग रचणं म्हणजे काय हे नेमकं कळलं होतं.

माझी काळजी इथूनच सुरू होते. ताईंनी सांगितलं की संच नेणारे बरेच जण तो चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. त्यांना दोष देता येत नाही. १२० पानं एकेक करून हाताने रंगवायची, तर संच महागच पडणार. महागाचं चित्र कोण पिसेल? लाख कितीही चढवली तरी घामेजल्या बोटांनी रंग झिजतोच. आणि खेळायचं म्हटलं तरी तिघांना नियम यायला हवेत. नियमांचा कागद मिळतो, पण कुठलं पान सोडायचं आणि कुठलं राखायचं ही अक्कल कागदातून येत नाही, ती चार डाव हरल्यावर येते. पूर्वी ती घरातल्या थोरांच्या शेजारी बसून यायची. ते थोर आता बहुतेक घरांत उरलेले नाहीत.

सरकारी प्रदर्शनं, कार्यशाळा, भेटवस्तूंची दुकानं यांनी चिताऱ्याच्या हाताला काम मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. पण या वाटांनी फक्त चित्र टिकतं. मागणी शोभेची असली की सजावट वाढते, चिन्हं आक्रसतात, सुटे राजे विकले जातात. ज्याच्या दश्शीला आणि एक्क्याला मोल नाही, तो राजा नुसता देवाचा फोटो.

जुन्या कामात दोन जाती होत्या. दरबारी कलम: किनारीची, नाजूक, धनिकांसाठी. बाजार कलम: बिनकिनारीची, झरझर ओढलेली, स्वस्त. संग्रहालयं आणि पुस्तकं दरबारी कलमेवर लट्टू असतात. घरोघर खेळ जिवंत ठेवला तो मात्र बाजार कलमेने, कारण ती मळली तरी कोणी हळहळत नव्हतं. आज हवी आहे ती हीच: पिसायला न घाबरावं अशी, पण चिन्हं आणि क्रम तंतोतंत राखणारी. ती छापली तरी माझी हरकत नाही. छापील संचावर खेळायला शिकलेला माणूसच उद्या हाताने रंगवलेल्या दहा माशांची किंमत जाणून ते विकत घेईल. कारागिराला हळहळणाऱ्या पाहुण्यांपेक्षा असं चोखंदळ गिऱ्हाईक जास्त काळ पोसेल.