ऑपरेशननंतर कुत्र्याच्या पोटात गॉज राहिलं तर काय होतं?

कुत्रीची नसबंदी होऊन वर्ष-दीड वर्ष उलटलेलं असतं. अचानक तिचं खाणं कमी होतं, वजन उतरतं आणि सोनोग्राफीत पोटात गाठ दिसते. अशा वेळी पहिली शंका कॅन्सरची येते. पण काही वेळा गाठ उघडल्यावर आत सापडतं ते जुन्या ऑपरेशनमध्ये राहून गेलेलं गॉज.

याला काय म्हणतात?

वैद्यकीय भाषेत याला 'गॉसिपिबोमा' किंवा 'टेक्स्टिलोमा' म्हणतात. 'गॉसिपियम' म्हणजे लॅटिनमध्ये कापूस. हा प्रकार माणसांमध्येही होतो. कुत्र्यांमध्ये तो बहुतेकदा मादीची नसबंदी, म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढण्याच्या ऑपरेशननंतर आढळतो.

गॉज आत राहतंच कसं?

रक्तस्राव टिपायला गॉजचे तुकडे वापरतात. रक्तात भिजल्यावर ते आजूबाजूच्या अवयवांसारखेच दिसतात. त्यात अचानक रक्तस्राव वाढला, घाई झाली किंवा मोजायला मदतनीस नसला, तर तुकडा नजरेतून सुटतो.

शरीर काय करतं?

कापूस शरीरात विरघळत नाही. जंतुसंसर्ग झाला तर काही दिवसांत ताप, उलट्या सुरू होतात, पू होतो. कधी कुशीवर जखम होऊन पाणी वाहत राहतं. अँटिबायोटिक्सने ती सुकते आणि पुन्हा उघडते. संसर्ग नसेल तर शरीर गॉजभोवती जाड आवरण तयार करतं. हीच ती 'गाठ'. ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं त्रास न देता राहू शकते.

निदान अवघड का?

काही गॉजमध्ये बेरियम सल्फेटचा धागा असतो, तो एक्स-रेमध्ये दिसतो. साध्या गॉजमध्ये असा धागा नसतो. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवरून अंदाज येतो, पण खात्री बहुतेकदा ऑपरेशननंतरच होते. गॉज आतड्याला चिकटलं असेल तर आतड्याचा तेवढा भाग कापावा लागतो.

हे टाळता येतं का?

हो, आणि उपाय स्वस्त आहे: मोजणी. ऑपरेशनआधी आणि पोट शिवण्याआधी गॉज मोजायचं. माणसांच्या ऑपरेशनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या चेकलिस्टमध्येही ही मोजणी आहे. धाग्याचं गॉज वापरलं तर शंका आल्यास एक्स-रे काढून खात्री करता येते.

तुम्ही काय कराल?

ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारा: गॉज मोजता का, धाग्याचं वापरता का? ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. पुढे कधी पोटात गाठ निघाली, तर जुन्या ऑपरेशनबद्दल नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते कितीही वर्षांपूर्वीचं असलं तरी. कॅन्सर समजून उपचार सोडून देण्याआधी ही शक्यता तपासायला हवी. कारण गॉज वेळेत काढलं, तर बरेच प्राणी पूर्ण बरे होतात.