फिश टँकचे पाणी किती दिवसांनी बदलावे?

मुलांच्या हट्टापायी घरात फिश टँक येतो. पुढे अनेक घरांत एक ठरलेला प्रकार घडतो. महिन्यातून एकदा मासे बादलीत काढायचे, टँक घासून धुवायचा आणि नळाचे नवे पाणी भरायचे. टँक चकचकीत दिसतो, पण दोन-चार दिवसांत मासे मरू लागतात. मग नवे मासे आणले जातात.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आपल्याला ठाऊक आहे. काचेतला मासाही आपल्याकडे असलेली अमानत आहे. घाण पाण्यातून तो कुठे जाणार?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते, नायट्रेट मात्र बरेच सौम्य. सगळा टँक नळाखाली धुतला की हे जिवाणूच नष्ट होतात. म्हणून सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये.

टँकमध्ये जिवंत वनस्पती असतील तर काम हलके होते. त्या अमोनिया आणि नायट्रेट खत म्हणून शोषून घेतात. वनस्पती दाट आणि मासे थोडे असतील, तर दर दोन आठवड्यांनी चौथा हिस्सा पाणी बदलले तरी चालते. मासे जास्त असतील तर दर आठवड्याला. कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर खत देणारे दर आठवड्याला निम्मे पाणी बदलतात. नव्या टँकला पहिले 4 ते 6 आठवडे अधिक जपावे लागते. शंका असेल तर टेस्ट किट वापरा. अमोनिया व नायट्राइट शून्य हवे आणि नायट्रेट 40 पीपीएमच्या आत.

उन्हाळ्यात पाणी आटते, तेव्हा वरून भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ उडते, पण क्षार मागेच राहतात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये खडी वगळता साधारण 45 ते 50 लिटर पाणी मावते. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे जेमतेम एक बादली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून त्यात अँटीक्लोरीनचे थेंब घाला. नवे पाणी टँकमधल्या पाण्याइतकेच कोमट किंवा गार असावे. फिल्टरचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळून घ्या.

ते जुने पाणी मोरीत ओतू नका. त्यातले नायट्रेट कुंडीतल्या झाडांना खत ठरते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाण्याचा इस्राफ नको, अशी शिकवण आपल्याला आहे. पाणीटंचाईच्या गावात तर बदल टाळण्यापेक्षा मासेच कमी ठेवावेत.

आठवड्याचा एक वार ठरवून हे काम मुलांवर सोपवा. मासे त्यांच्या हट्टाने आले आहेत, तेव्हा त्यांची जबाबदारीही त्यांनीच शिकावी.