राणी पाकोळीची ओळख

श्रावण-भाद्रपदात बागेच्या कडेने एक मोठे काळेभोर फुलपाखरू वेगाने उडत जाताना दिसते. उन्हात वळताच त्याच्या पंखांवरील निळाई झळकते. हीच राणी पाकोळी. महाराष्ट्र शासनाने सन २०१५ मध्ये हिला राज्य फुलपाखराचा मान दिला. परंतु लिंबाच्या बागेत दुसऱ्याच फुलपाखराचा दोष हिच्या माथी येण्याचा संभव असतो. सबब दोघांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

ओळखीच्या खुणा

राणी पाकोळी मूळची जंगलातील. सह्याद्रीच्या व कोकणच्या झाडीत ती विशेष आढळते. पंख पसरले असता त्यांची रुंदी १२ ते १५ सेंटीमीटर भरते. पंख मखमली काळे असून मागील पंखांचा बाहेरील भाग फिकट निळा असतो व त्यावर काळे ठिपके असतात. पंखांच्या खालील बाजूस, अंगालगत, तांबडे डाग दिसतात.

लिंबाचे फुलपाखरू याहून लहान, ८ ते १० सेंटीमीटरचे असते. त्याच्या काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके विखुरलेले असतात व मागील पंखाच्या आतील कोपऱ्यात विटकरी ठिपका असतो. रोपवाटिकेचा खरा शत्रू हाच होय.

अळीविषयी सावधगिरी

दोघांच्याही अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून दुभागलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. त्यामुळे केवळ अळीवरून निवाडा करणे कठीण जाते. बागेत कोणते फुलपाखरू घिरट्या घालते, हे प्रथम पाहावे.

काय करावे

रोपवाटिकेतील व नव्या लागवडीतील रोपे लहान असल्याने थोड्या अळ्याही ती निष्पर्ण करू शकतात. यास्तव नवी पालवी फुटताच रोपे वरचेवर तपासून अळ्या हाताने वेचाव्यात. राणी पाकोळीचा वावर असल्यास वेचलेल्या अळ्या न मारता बांधावरील जुन्या लिंबावर सोडाव्यात. मोठ्या झाडास चार-दोन अळ्यांनी बाधा होत नाही. तेवढ्यासाठी फवारणी करू नये. फवाऱ्याने मधमाश्या व अळ्यांवर जगणारे उपकारक कीटकही मरतात.

रानातील माकडलिंबू हे राणी पाकोळीच्या अळीचे नैसर्गिक खाद्य आहे. बांध साफ करताना ते झाड राखावे. ग्रामसेवकांनी दोन्ही फुलपाखरे बागेतच शेतकऱ्यांना दाखवावीत; एकदा पाहिलेली खूण सहसा विसरत नाही.