तंजावरचा सूर्योदय आणि पंचांगाचा निर्णय

तंजावरात मराठ्यांचा अंमल १६७६ पासून १८५५ पर्यंत चालला. तो संपून दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी राजवाड्याभोवतालच्या वीथींतील जुन्या मराठी घराण्यांनी काळ मोजण्याची आपली रीत सोडलेली नाही. त्यांचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस लागते आणि शेजारच्या तमिळ घराचे चित्तिरै मासाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बहुधा १४ एप्रिलला. संवत्सराचे नाव दोन्ही घरी एकच. परंतु २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला आणि २०२६ साली १९ मार्चला असल्याने, भिंतीपलीकडचे तेच संवत्सर मराठी घरात एका वर्षी पाच दिवस, तर दुसऱ्या वर्षी सव्वीस दिवस आधी येते.

अशा दुहेरी कालगणनेत पौरोहित्य करणाऱ्या एका वृद्ध शास्त्र्यांजवळ बसून श्राद्धतिथीचा निर्णय कसा होतो, हे मला पाहावयास मिळाले. यजमानाने तिथी सांगितली मार्गशीर्ष वद्य पक्षातली. शास्त्रीबुवांनी तमिळ पंचांगातील मार्गळि मासाचे पान उघडले; कारण त्यात महिने सौर असले तरी तिथी चांद्रच असतात. तिथीची समाप्ती तेथे नाळिगै आणि विनाडी यांत, सूर्योदयापासून मोजून दिलेली असते. एक नाळिगै म्हणजे आपली घटिका, चोवीस मिनिटे. त्या आकड्याची दुप्पट करून पाचाने भागले की तास मिळतात, आणि त्यांत सूर्योदयाची वेळ मिळविली की घड्याळाची वेळ हाती येते. हा हिशेब त्यांनी बोटांच्या पेरांवरच केला. मग दिवसाचे पाच समान भाग कल्पून चौथा, म्हणजे अपराह्ण, काढला. डिसेंबरअखेर तंजावरात तो दुपारी सुमारे एक वीसपासून तीन चाळीसपर्यंत येतो. या अवधीला तिथीची व्याप्ती ज्या दिवशी लाभते, तो श्राद्धाचा दिवस.

खरी अडचण यापुढे होती. यजमानाने महाराष्ट्रातून मागविलेले, प्रत्यक्ष वेधांशी जुळविलेल्या दृक्‌गणिताचे पंचांग सोबत आणले होते, आणि त्यातील तिथी कित्येक घटिकांनी वेगळी संपत होती. तमिळ प्रांतातील वाक्य पंचांग चंद्राची गती वररुचीच्या नावावर असलेल्या २४८ वाक्यांवरून काढते; प्रत्येक वाक्याच्या अक्षरांत, अक्षराला अंक मानण्याच्या कटपयादि रीतीने, एकेका दिवसाचे चंद्रस्थान गोवलेले असते, कारण २४८ दिवसांत चंद्र आपल्या मंदगती-शीघ्रगतीची नऊ आवर्तने जवळजवळ बरोबर पूर्ण करतो. ज्याला ही वाक्ये मुखोद्गत आहेत त्याला कागदाचीही गरज पडत नाही. जॉन वॉरन याने १८२५ साली मद्रासेत प्रसिद्ध केलेल्या ‘कालसंकलित’ ग्रंथात पाँडिचेरीच्या एका पंचांगकर्त्याची हकीकत नमूद आहे. त्याने जमिनीवर कवड्या मांडून चंद्रग्रहण वर्तविले, आणि ग्रहणमध्याच्या वेळेत चूक निघाली ती सुमारे २३ मिनिटांची. मात्र मूळ गणिताला वेधाची जोड वेळोवेळी न मिळाल्यास असे अंतर साचत जाते. म्हणूनच महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली पटवर्धनी पंचांगाचा उपक्रम केला, आणि मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी तिकडे दृक्‌गणिताचा पुरस्कार केला.

म्हणून महाराष्ट्रातले पंचांग तंजावरात जसेच्या तसे चालावे, असे मात्र नाही. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या देशात एकच असतो. सूर्योदय एक नसतो. मुंबईपेक्षा तंजावरचा सूर्य जूनअखेर सुमारे दहा मिनिटे आणि डिसेंबरअखेर सुमारे चाळीस मिनिटे आधी उगवतो. डिसेंबरच्या त्या दिवसांत एखादी तिथी सकाळी सहा पन्नासला संपत असेल, तर तंजावरात ती सूर्योदयाला हजर राहून दिवसावर आपला हक्क सांगते. मुंबईत सूर्य सातनंतर उगवेपर्यंत तीच तिथी सरलेली असते.

स्थळाचे हे बंधन केवळ आपल्या धर्मशास्त्राचे आहे, असे समजू नये. पाश्चात्त्य देशांत निसर्गपूजेचा जुना पंथ नव्याने आचरणारे जे विक्कन व पेगन लोक आहेत, त्यांचीही वार्षिक पंचांगे निघतात. अमेरिकेत एलिझाबेथ पेपर यांनी १९७१ साली सुरू केलेले ‘द विचेस आल्मनॅक’ एका वसंतापासून दुसऱ्या वसंतापर्यंतचे वर्ष धरते. त्या लोकांचे आठ सण अयने, विषुवे आणि त्यांच्या मधल्या दिवसांवर बसविलेले आहेत. परंतु ऑस्ट्रेलियातील अनुयायांना तिकडचे ऋतू उलटे असल्यामुळे ऑक्टोबरअखेरचा साव्हन हा सण एप्रिलच्या अखेरीस न्यावा लागतो. देव बदलले, विधी बदलले, तरी स्थळाची अट सुटली नाही.

शास्त्रीबुवांनी दोन्ही पुस्तके मिटून यजमानाला एवढेच विचारले, की आपल्या घरी आजवर कोणत्या पंचांगाबरहुकूम श्राद्धे झाली. आणि उत्तर वाक्य पंचांगाचे आल्यावर त्याच दिवसाची तजवीज करावयास सांगितले. त्यांची ही कुलाचारनिष्ठा मला मान्य आहे, कारण सोयीप्रमाणे आज हे आणि उद्या ते पंचांग उघडणाऱ्याला नियम असा उरतच नाही. पण ज्याला नव्याने पंचांग घ्यावयाचे आहे, त्याने मुखपृष्ठावरील देवाचे चित्र पाहण्याआधी दोन गोष्टी अवश्य तपासाव्यात: आतले गणित कोणत्या पद्धतीचे आहे, आणि सूर्योदय कोणत्या गावचा धरला आहे.