आदरार्थी बहुवचन आणि अंतर

'आदरार्थी बहुवचन' ह्या संज्ञेने मराठीतील 'तुम्ही'चा व्यवहार पुरता उलगडत नाही. अनेक घरांत आईस 'तू' व वडिलांस 'तुम्ही' म्हणतात; परमेश्वरासही भक्त 'तू'च म्हणतो. तेथे आदर उणा असतो, असे कोणी म्हणणार नाही. रॉजर ब्राउन व ॲल्बर्ट गिल्मन ह्यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांमागे सत्ता व सख्य ही दोन तत्त्वे दाखविली. मराठीतही बहुवचन आदराइतकेच अंतर दर्शविते. 'बस', 'बसा', 'आपण बसावे' ह्या क्रमाने आज्ञेची धार कमी होते, तसे अंतरही वाढते. म्हणूनच भांडणानंतर जिवलग मित्र 'आपण बसावे' म्हणू लागला, तर व्याकरणदृष्ट्या सौजन्य वाढलेले असते. ऐकणाऱ्यास मात्र तो दुरावा बोचतो.