गोळी सोसत नाही, म्हणजे काय?

नायगावच्या एका शाळेत मुलांशी गप्पा मारायला गेलो होतो. तिथल्या बाईंनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले: वर्गातल्या एका मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा जुनाट दाह आहे. मधल्या सुट्टीत तो गोळी घेतो आणि पुढच्या तासाला त्याला मळमळते, डोके दुखते. लघवी नारिंगी होते म्हणून इतर मुलांबरोबर मुतारीत जायला तो लाजतो. हल्ली गोळी दप्तरातच राहते. रागवावे का?

उत्तरासाठी त्या गोळीच्या रसायनशास्त्रात थोडे शिरू. सल्फासालाझिन हे औषध 1940 च्या सुमारास स्वीडनमधल्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनी वापरात आणले. त्याच्या रेणूचे दोन भाग: एक सल्फा गटातला, दुसरा अॅस्पिरिनच्या नात्यातला मेसालाझिन. दोहोंना जोडणारा नायट्रोजनचा पूल मोठ्या आतड्यातले जीवाणू तोडतात. मग खरे काम कोणाचे? 1977 मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान व ट्रूलव्ह यांनी हे भाग रुग्णांना वेगवेगळे, गुदद्वारावाटे दिले. गुण आला तो मुख्यतः मेसालाझिनचा. सल्फाचा भाग नुसता हमाल! मळमळ आणि डोकेदुखी मात्र बहुधा या हमालाचीच. तो रक्तात शोषला जातो, यकृत त्याचा निचरा करते आणि निचऱ्याचा वेग आनुवंशिक असतो. ज्याचा निचरा संथ, त्याला तीच मात्रा जड जाते. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू चढवतात, गोळी खाण्याबरोबर घ्यायला सांगतात, किंवा हमालाला वगळून नुसते मेसालाझिन देतात.

(सल्फासालाझिन फोलेटच्या शोषणातही आडवे येते, म्हणून जोडीला फोलिक आम्ल देतात. त्या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा मुंबईचाच. 1928 साली इथे आलेल्या ल्यूसी विल्स यांनी गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला होता.)

मेसालाझिनही सर्वांना सोसते असे नाही. काही मुलांत पहिल्या काही आठवड्यांतच जुलाब, रक्त, पोटदुखी आणि ताप वाढतो. आजारच बळावला असे वाटून मात्रा वाढवली, तर आगीत तेल! डॉक्टरांनी औषध थांबवताच काही दिवसांत उतार पडला, की चोर सापडतो.

आजार तरीही आवरला नाही तर अॅझाथायोप्रिन दिले जाते. हे देण्याआधी टीपीएमटी या विकराची तपासणी करण्याची रीत पाश्चात्त्य देशांत पडली. पण आशियातल्या काही रुग्णांत ही तपासणी निर्दोष असूनही पांढऱ्या पेशी एकदम घसरत, केस झपाट्याने गळत. 2014 मध्ये कोरियातील क्रोन रुग्णांच्या अभ्यासातून कारण कळले: एनयूडीटी-15 या जनुकातला बदल. त्याचे विकर औषधाचे क्रियाशील रूप निकामी करते. ते अधू असेल तर नेहमीची मात्रा विषासारखी ठरते. युरोपीय लोकांत हा बदल विरळा, म्हणून तो इतकी वर्षे ध्यानात आला नाही. भारतात मात्र दर दहा जणांत साधारण एकाकडे त्याची निदान एक प्रत असते. परदेशी पुस्तकातली मात्रा डोळे मिटून उचलू नये, असे आम्हांला वाटते ते यासाठी.

बाईंना आम्ही म्हणालो, रागवू नका, पण गोष्ट झाकूनही ठेवू नका. औषध गुपचूप बंद पडले तर दाह पुन्हा उसळतो, आणि या वयात वाढही खुंटते. गोळी केव्हा घेतली, त्रास किती वेळाने झाला, हे मुलालाच वहीत लिहू द्या. ती वही पालकांमार्फत डॉक्टरांकडे जाऊ द्या. अंगावर पुरळ उठले किंवा ताप आला, तर मात्र वही भरत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मुतारीचा प्रश्न बाईंनीच सोडवला. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची एक किल्ली आता त्या मुलाच्या कंपासपेटीत असते.