गल्लीचा हिशेब कोण मांडणार?

पुण्यातील डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, एरंडवणे या भागांत सध्या जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे. तीन मजली सोसायटी जाते आणि तिच्या जागी दहा-बारा मजले उभे राहतात. शेजारच्या रहिवाशांची तक्रार ठरलेली असते: गाड्या कुठे लावायच्या, आणि गल्लीतून बाहेर कसे पडायचे? ‘स्वतःला घर मिळाले, आता दुसऱ्याला नको’ असे म्हणून ही तक्रार उडवून लावली जाते. परंतु विकास नियंत्रण नियमावली वाचली की तिच्या मुळाशी असलेला हिशेब दिसू लागतो.

या गल्ल्या आखल्या गेल्या त्या बंगल्यांसाठी. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यात आली आणि पुढे तिचेच नाव या रस्त्याला मिळाले. त्या काळच्या वस्तीला सहा मीटरची गल्ली ऐसपैस होती. पुढे अनेक बंगल्यांच्या जागी सोसायट्या झाल्या. गल्ली मात्र तेवढीच राहिली. आताचा पुनर्विकास हा त्याच गल्लीवरचा तिसरा थर आहे.

भूखंडावर किती बांधायचे हे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ठरवतो. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली लागू झाली. तिच्या मूळ तक्त्यानुसार पुण्यासारख्या शहरात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर निर्देशांक १.१० इतकाच मिळतो. रस्ता नऊ मीटरचा झाला की अधिमूल्य भरून घेतलेला एफएसआय आणि टीडीआर धरून तो २.०० पर्यंत जातो. शिवाय जिने, बाल्कन्या इत्यादींसाठी निवासी इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून घेता येते. दहा हजार चौरस फुटांचा भूखंड घेतला, तर पहिल्या स्थितीत कमाल १७,६०० आणि दुसऱ्या स्थितीत ३२,००० चौरस फूट बांधकाम होऊ शकते. रस्ता दीडपट झाला. बांधकाम जवळजवळ पावणेदोन पटींहून अधिक वाढले.

म्हणूनच २०२० मध्ये महापालिकेच्या स्थायी समितीने ३२३ रस्ते सहाचे नऊ मीटर करण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्यावर हरकतींचा पाऊस पडला. असे रुंदीकरण एका दिवसात होत नाही. अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरते आणि जी इमारत पाडली जाईल ती आपल्यापुरती दीड मीटर मागे सरते. शेजारची इमारत जुनीच असेल तर तिची भिंत पुढे आलेली राहते. या करवतीच्या दात्यांसारख्या कडेमुळे वाहतुकीला रुंदी मिळत नाही. मोकळ्या खाचांमध्ये गाड्या उभ्या राहतात. इमारतीला मात्र नव्या रुंदीचा लाभ पहिल्याच दिवशी मिळालेला असतो.

पार्किंगचा नियमही फाटकाच्या आतलाच विचार करतो. सदनिकांच्या आकारानुसार गाड्यांच्या जागा मोजल्या जातात. पण सकाळी नऊ वाजता आतल्या साठ गाड्या बाहेर पडणार त्या त्याच गल्लीत. तळघरे वाढवून हा प्रश्न सुटत नाही. जागा मिळाली की दुसरी गाडी घेणे सोपेच होते. सोसायटीतील मोकळी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. सार्वजनिक रस्त्याची जागा मात्र रात्रभर फुकट वापरली जाते. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, पण विरोध होताच ते मोजक्या रस्त्यांपुरते आक्रसले. त्या विरोधात रहिवाशांचा आवाजही होता, हे विसरता येणार नाही.

खरा पेच येथेच आहे. पुनर्विकास थांबवा, असे म्हणणे सोपे नाही. पन्नास वर्षांच्या इमारतीत लिफ्ट नाही, स्लॅब गळतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचे तर खुर्चीत बसवून उतरवावे लागते. राज्य शासनाच्या जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. प्रत्येक सोसायटी आपल्या सभेत वाढीव क्षेत्र, कॉर्पस आणि भाडे यांचा हिशेब चोख करते आणि शेजारच्या सोसायटीचा आराखडा पाहून हरकत नोंदवते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण गल्लीची सर्वसाधारण सभा कधीच भरत नाही.

ती भरवण्याची जबाबदारी महापालिकेची आहे. परवानगी एकेका भूखंडाला देण्याआधी, त्या गल्लीतील सर्व भूखंडांनी आपला पूर्ण हक्क वापरला तर किती घरे आणि किती गाड्या होतील, हे मांडून जाहीर करता येईल. पाणी, सांडपाणी आणि अग्निशामक बंबाचा मार्गही त्याच कागदावर यावा. वाढीव एफएसआय कागदावरच्या रेषेला नव्हे, तर प्रत्यक्ष मोकळ्या झालेल्या रस्त्याला आणि चालता येईल अशा पदपथाला जोडता येईल. अधिमूल्याचा ठरावीक वाटा त्याच भागातील बससेवेवर खर्च करता येईल. आणि रहिवाशांनीही रस्त्यावर गाडी उभी करण्याचे पैसे मोजायला तयार व्हावे. दाट वस्ती हा शहराचा दोष नव्हे. पुण्याच्या पेठा शतकानुशतके दाट होत्या, पण तिथली कामे पायी होत. आजची दाटी चारचाकीवर बसून येते, आणि तिला लागणारी जागा कोणत्याही मंजूर नकाशावर दाखवलेली नसते.